वाट आधी, वाहन नंतर

पुराची सूचना गावापर्यंत कशी पोहोचते आणि कुठे अडते, हे मागील लेखात पाहिले. सूचना मिळाल्यावर पुढचा प्रश्न येतो तो निघायचे कशाने, हा. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत याचे उत्तर बहुधा वाहनाच्या ताकदीवरून दिले जाते. जीपपेक्षा ट्रॅक्टर बरा, ट्रॅक्टरपेक्षा बोट बरी आणि काहीच जमले नाही तर हेलिकॉप्टर, अशी उतरंड आपल्या मनात पक्की बसली आहे. माझ्या मते ही उतरंड चुकीच्या टोकापासून रचलेली आहे. या भागात कशाने जायचे हे वाटेवरचा सर्वात ठेंगणा पूल ठरवतो. तो पाण्याखाली जाण्याआधी निघालेल्यांना साधी एसटीही पुरते. नंतर निघालेल्यांचे दणकट वाहनही नाल्याच्या अलीकडेच उभे राहते.

भामरागडचे उदाहरण घ्या. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या तिथे एकत्र येतात. पर्लकोटेचा जुना पूल पाण्याखाली गेला की गावाचा आलापल्लीकडचा संपर्क तुटतो, आणि हे पावसाळ्यात अनेकदा घडत आले आहे. ग्रामीण रुग्णालय भामरागडात आहे, तर लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना नदीच्या अलीकडे हेमलकशात. त्यामुळे आजाऱ्याला कुठे न्यायचे, हे त्या दिवशी नदीच ठरवते. शिवाय इथला पूर इथल्याच पावसाने येतो असेही नाही. छत्तीसगडात जोरदार पाऊस होऊन इंद्रावती फुगली, की तिच्यात उतरणाऱ्या नद्यांचे पाणी मागे दाटते आणि भामरागडात आभाळ उघडे असतानाही पूल बुडू शकतो. वैनगंगेकाठची गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून मोठा विसर्ग झाला, तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडजसारखी गावे पाण्याने वेढली गेली. धरणातून सोडलेले पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात. ते तास हीच तिथली खरी सवलत असते. डोंगराळ एटापल्ली-भामरागडातले नाले मात्र एवढी उसंत देत नाहीत. म्हणून दोन्हीकडे एकच नियम लावून चालत नाही.

आता वाहनांकडे वळू. जीप किंवा मोटार जड असते, म्हणून ती वाहून जाणार नाही, हा समज सर्वात घातक आहे. साधारण चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद मोटारीचे वजन एक टनाच्या आसपास असते. तिच्या तळापासून वर फक्त पंधरा सेंटिमीटर पाणी चढले, की तेवढ्या जागेतले बाजूला सारलेले पाणीही जवळपास एक टन भरते. म्हणजे पाणी आत शिरण्याआधीच गाडी तरंगू लागते. तळाची जमिनीपासूनची उंची धरली, तरी हे पाणी माणसाच्या गुडघ्याखालीच असते. त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. ट्रॅक्टरचे धूड उंच असल्याने पाणी त्याच्याखालून जाते, म्हणून तो काही अंशी टिकतो. पण माणसे बसतात ती ट्रॉलीत. तिला इंजिनाचे वजन नसते, आणि ती एकदा तरंगून आडवी वळली की ट्रॅक्टरलाही रपट्याच्या कडेकडे ओढते. वरून पाणी वाहत असताना रपट्याचा काठ दिसत नाही आणि मधला भाग खचला असेल तर तेही कळत नाही. दुचाकी अरुंद पायवाटेवर उपयोगी पडते. मात्र वरोरा-राजुरा पट्ट्यातल्या काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये भरला की चाक जागीच अडकते.

डोंग्याचाही विचार असाच करावा लागतो. इथल्या नदीकाठच्या लोकांचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे वाहन आहे आणि संथ पाण्यात ते उत्तम चालते. तरी 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या महिला मिरची तोडणीसाठी वैनगंगा ओलांडत असताना डोंगा उलटला आणि त्यात महिलांचा जीव गेला. तेव्हा पावसाळा नव्हता, नदीला पूरही नव्हता. उघाडीतल्या नदीतही जे वाहन धोक्याचे ठरू शकते, ते पुराच्या लोंढ्यात जीवरक्षक जाकिटांशिवाय वापरणे म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात उतरणे होय. याउलट जुलै 2024 मध्ये भामरागड तालुक्यात एका गर्भवतीला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून पाणी पार करावे लागले. त्या घटनेत मला महत्त्वाचे वाटते ते असे, की एका वाहनाने सगळी वाट पार केली नाही. प्रवासाचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे साधन लागले. दुर्गम पाड्यांतली खाटेची कावड, नाल्यावरचा डोंगा, पलीकडची रुग्णवाहिका ही साखळी लोक नाइलाजाने वापरतात. तीच आधी आखून ठेवली, पलीकडच्या काठावर वाहन आधीच उभे केले, तर नाइलाजाची जागा नियोजन घेईल.

यावर पहिला आक्षेप हेलिकॉप्टरचा. गडचिरोलीत पोलिसांचे हेलिकॉप्टर आहे, निवडणुकीत मतदान पथके हेलिकॉप्टरने जातात, मग पुरात का नाही? पुरात रुग्णांसाठीही ते वापरले गेले आहे आणि त्याने जीव वाचतात, हे मान्यच आहे. पण ज्या ढगांमुळे पूर येतो तेच ढग उड्डाण अडवतात, आणि एका फेरीत मोजकीच माणसे जातात. एका अत्यवस्थ रुग्णासाठी ते योग्य आहे. अख्ख्या गावाची सुटका त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. दुसरा आक्षेप पुलांचा: उंच पूल झाले की प्रश्न संपेल. उंच पूल हवेतच, आणि त्यांची मागणी न्याय्य आहे. परंतु मोठ्या नदीवर पूल झाला की अडथळा पुढच्या छोट्या नाल्यावर सरकतो. लाहेरीपलीकडे बिनागुंड्याच्या वाटेवरचा गुंडेनूर नाला भामरागडच्या पुलाने ओलांडता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे. लोक आधी निघतच नाहीत. गुरे, रोवणी, घरातले धान्य सोडून कोण जाईल, आणि पूर आला नाही तर गेलेल्या मजुरीचे काय? हा हट्ट नव्हे, हा संसाराचा हिशेब आहे, आणि त्याला उपदेशाने उत्तर मिळत नाही. उत्तर असे, की सगळ्यांनी आधी निघण्याची गरजच नाही. दिवस भरत आलेल्या गर्भवतींना प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आधीच येऊन राहता यावे म्हणून आदिवासी भागात माहेरघर योजना आहे. नवसंजीवनी योजनेखाली दुर्गम गावांत पावसाळ्याचे धान्य आधी पोहोचवले जाते. दोन्हींमागचे तत्त्व एकच: ज्याला वाट लागणार आहे त्याला वाट उघडी असताना हलवा, आणि जे राहणार आहेत त्यांचा निभाव लागेल एवढे गावात भरून ठेवा. गर्भवती, डायलिसिसचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि त्यांच्यासोबत एकेक माणूस एवढेच पहिल्या फेरीत निघाले, तर बाकीच्यांना गुरांपाशी थांबून पुढचा निर्णय घेता येतो. ही फेरी दिवसाउजेडीच व्हावी, कारण ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यात वाघाचा वावर आहे आणि अंधारात पायी निघणे तिथे पुराइतकेच धोक्याचे आहे.

म्हणून जून उजाडण्याआधी प्रत्येक ग्रामसभेने एक पानभर नोंद करावी. कोणता नाला आधी बंद होतो, कुठल्या खुणेपर्यंत पाणी आले की वाहने थांबवायची, पहिल्या फेरीत कोण जाणार, पलीकडे कोणाचे वाहन उभे राहणार आणि गुरांसाठी उंच जागा कोणती, एवढे त्यात असावे. खुणेच्या वर पाणी असेल तर वाहन कोणतेही असो, थांबायचे, हा ठराव सगळ्यांसमोर व्हावा, म्हणजे ऐनवेळी एकट्या चालकावर दबाव येणार नाही. ही माहिती गावातल्या गुराख्यांना, आशाताईंना आणि एसटीच्या चालकांना आधीपासून आहे. ती फक्त एकत्र आणायची आहे. प्रशासनाने नवे वाहन देण्याआधी हे पान मागावे, आणि वाहन त्याप्रमाणे द्यावे. अशा नोंदीच्या आधारे गावात किती दिवसांचे धान्य, औषध आणि इंधन ठेवायचे, याचा हिशेब पुढील लेखात मांडू.