सोलापूरच्या चित्रांना गावातच भिंत हवी

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १ कोटी ३७ लाख डॉलरांच्या वर गेलं. रुपयांत ही रक्कम ११८ कोटींच्या आसपास होते. तोवर कुठल्याही आधुनिक भारतीय चित्राला लिलावात एवढी बोली लागली नव्हती. बातमी आली, आकडा चार दिवस गाजला. त्या चित्राचा मधल्या सत्तर वर्षांचा प्रवास मात्र फारसा कुणी सांगितला नाही, आणि सोलापूरकरांनी ऐकायला हवा तो हाच भाग आहे.

‘ग्रामयात्रा’ १९५४चं. जवळजवळ चौदा फूट लांब, त्यात तेरा चौकटी आणि प्रत्येक चौकटीत खेड्यातलं काही ना काही: बाया, बैलगाडी, शेतकरी, घरकाम. त्याच वर्षी नॉर्वेत स्थायिक झालेल्या एका डॉक्टरांनी ते घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी ते दिल्लीत आलेले होते. १९६४मध्ये चित्र ओस्लो विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे गेलं आणि तिथल्या एका खासगी बोळात टांगलेलं राहिलं. ज्या माणसांचं ते चित्र, त्यांच्यापैकी कुणाच्याही नजरेला ते पडण्याचा प्रश्नच नव्हता.

हुसेन जन्मले पंढरपुरात, १७ सप्टेंबर १९१५ रोजी. आई ते तान्हे असतानाच गेली, कुटुंब इंदूरला हललं आणि पुढे मुंबई. पंढरपूर सुटलं ते सुटलंच. जिल्ह्याला त्यांचा अभिमान वाटतो तो जन्मगावापुरता. त्यांचं मूळ चित्र जिल्ह्यातल्या किती जणांनी समोर उभं राहून पाहिलं असेल, हा प्रश्न विचारला तर उत्तर आनंदाचं येणार नाही. सोलापूर जिल्हा चित्रकार घडवतो, चित्र दाखवायला मात्र त्याला बाहेर पाठवतो. ही तक्रार जुनी आहे आणि तिची कारणं इतिहासात शोधता येतात.

कोल्हापूरकडे पाहिलं की फरक लगेच कळतो. तिथे संस्थान होतं, दरबार होता, चित्र विकत घेणारा राजा होता. आबालाल रहिमान तिथले. महादेव विश्वनाथ धुरंधर तिथलेच; १८९५मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. बाबूराव पेंटरांनी तर चित्र, शिल्प, नाटकाचे पडदे आणि सिनेमा एकाच गावात एकत्र आणले. आजही कोल्हापुरात ‘रंगबहार’ ही संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. झाडाखाली गाणं चालू असतं, आजूबाजूला चित्रकार आणि शिल्पकार लोकांसमोर काम करत असतात, आणि भाजी घेऊन घरी निघालेला माणूसही तिथे थांबतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८मध्ये औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारलं. तेव्हा औंध संस्थानात असलेली आटपाडी आजच्या सोलापूर जिल्ह्याला लागून आहे. इतक्या जवळ हे सगळं घडत होतं.

सोलापूर शहर मात्र थेट इंग्रजी अमलाखालचं, गिरण्यांचं गाव. जिल्ह्यात अक्कलकोटसारखं संस्थान होतं, पण त्याची ओळख राहिली ती शस्त्रसंग्रहाची. १८६०मध्ये रेल्वे आली, १८७०च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली. या शहरानं हात कामाला लावले आणि चित्र काढणाऱ्या हातांनाही काम दिलं. ते काम होतं नक्षीचं.

सोलापुरी चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे. तिच्यावरचा मोर, फूल, किनार जकार्डवर विणली जाते. त्याआधी कुणीतरी आलेखाच्या कागदावर ती नक्षी चौकोन चौकोन भरून काढतो. एक चौकोन इकडचा तिकडे झाला तर चोच वाकडी येते. त्या कागदावरून पत्ते टोचले जातात, ते मागावर चढतात आणि दोऱ्यांना वर-खाली करतात. आलेखावरची नक्षी काढणारा माणूस रंगसंगती जाणतो, प्रमाण जाणतो, दोन-तीन रंगांतच खोली कशी आणायची हे जाणतो. भिंतीवर लावायची चित्रं विणणारेही इथे आहेत. देवादिकांपासून पुढाऱ्यांच्या व्यक्तिचित्रांपर्यंत काहीही धाग्यात उतरवतात. एवढी चित्रं रोज तयार होतात आणि घराघरांत अंथरली जातात, पण त्यांवर काढणाऱ्याचं नाव नसतं.

चित्रकाराचा आणि मागाचा हा संबंध देशभर राहिला आहे. स्वातंत्र्यानंतर हातमागासाठी विणकर सेवा केंद्रं निघाली तेव्हा नक्षी करायला चित्रकारांनाच नेमलं गेलं. प्रभाकर बरवे बनारसच्या आणि नंतर मुंबईच्या केंद्रात कितीतरी वर्षं नोकरीला होते. के. जी. सुब्रह्मण्यन यांनीही हातमाग मंडळात काम केलं. दिवसा कापडासाठी काढायचं आणि संध्याकाळी स्वतःसाठी रंगवायचं, हे त्या पिढीतल्या अनेकांचं वेळापत्रक. त्यांना मुंबईत दुसऱ्या कामासाठी भिंत होती. सोलापुरात पहिलं काम होतं, दुसऱ्यासाठी भिंत नव्हती.

हुसेन यांची सुरुवातही अशीच पोटाच्या चित्रांची. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवायचे, मजुरी चौरस फुटाला काही आणे. मग लाकडी खेळणी आणि मुलांचं फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. त्यांना चित्रकार म्हणून ओळख मिळाली ती एका वार्षिक प्रदर्शनानं. १८८८मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या १९४७च्या प्रदर्शनात त्यांचं ‘सुनहरा संसार’ लागलं आणि बक्षिसाला पात्र ठरलं. ते पाहून फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये बोलावलं. याच सोसायटीनं दहा वर्षं आधी, १९३७मध्ये, अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिलं होतं. प्रोग्रेसिव्हांनी पुढे जुन्या पठडीवर टीका केली, पण त्यांच्यातले बहुतेक जण आधी याच प्रदर्शनांच्या भिंतींवर दिसले होते. १९५५मध्ये ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात हुसेन यांच्या ‘जमीन’ला पुरस्कार मिळाला. १९७१च्या साओ पावलो द्वैवार्षिकीत पिकासोबरोबर त्यांना खास निमंत्रण होतं.

प्रदर्शनानं त्यांना जे दिलं, त्यातलं बरंच प्रदर्शनातच हिरावलंही गेलं. १९९६मध्ये अहमदाबादच्या कलादालनात त्यांची चित्रं फोडली-जाळली गेली. २००८मध्ये दिल्लीच्या मोठ्या कलामेळाव्यात त्यांचं एकही चित्र लागलं नाही. २०१०मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वारकऱ्यांच्या गावात जन्मलेल्या माणसाला परत यायला भिंत उरू नये, याचं दुःख जिल्ह्याला आजही व्हायला हवं.

आता सोलापूरच्या आजच्या चित्रकाराकडे येऊ. त्याचा प्रवास बहुधा शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांपासून सुरू होतो. पुढे कुणी कलाशिक्षक होतो, कुणी फलक रंगवतो, कुणी नक्षीकाम करतो. स्थानिक प्रदर्शनाचा कणा असतो तो हा कलाशिक्षक. वर्षभर दुसऱ्यांच्या वहीतले चेंडू आणि फुलदाण्या तपासायच्या, आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःचं रंगवायचं. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीसच्या वर जातो; पत्र्याखालच्या खोलीत जलरंगाचा ओला वॉश कागदावर टिकतच नाही, पहाटे उठून काम करावं लागतं.

मग प्रदर्शन. सभागृह दोन-तीन दिवसांसाठी भाड्यानं. भिंतीत खिळा ठोकायला मनाई, म्हणून प्लायचे पडदे उभे करायचे, त्यावर कापड ताणायचं, वरून साखळीनं फ्रेम टांगायच्या. दिवे सभागृहाचे, म्हणजे व्यासपीठावर प्रकाश आणि चित्रावर सावली. काचेतली फ्रेम असेल तर पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा आधी दिसतो. चित्रकार घरून दिवे आणि वायरी आणतो. फ्रेमचा खर्च रंग-कागदापेक्षा जास्त होतो. उद्घाटनाला पाहुणे येतात, समईची वात लागते, भाषणं होतात, आणि भाषणांनंतर खुर्च्या हलवून पुन्हा चित्रांपुढे वाट करावी लागते.

पण त्यानंतर जे घडतं ते मोठ्या शहरातल्या वातानुकूलित दालनात सहसा घडत नाही. शाळेची रांग येते आणि मुलं चित्राला नाक लावून पाहतात. सिद्धेश्वर तलावाचं, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाचं चित्र असलं की लोक आपण नेमकं कुठे उभे राहिलो की असं दिसेल यावर वाद घालतात. ‘हा बुरूज एवढा जवळ नाही हो,’ असं सांगणारा माणूस त्या बुरुजाखाली लहानाचा मोठा झालेला असतो. ‘हाताने काढलंय का फोटो आहे?’ आणि ‘केवढ्याला?’ हे दोन प्रश्न ठरलेले. चित्रकार पहिल्या प्रश्नानं सुखावतो, दुसऱ्यानं अवघडतो. कारण किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा समोरच्याच्या महिन्याच्या पगाराएवढा असू शकतो, आणि समोरचा ओळखीचा असतो. चित्र विकल्याची लाल टिकली लागलीच तर बहुधा एखाद्या डॉक्टरांच्या किंवा जुन्या विद्यार्थ्याच्या खरेदीनं. अभिप्रायाच्या वहीत ‘छान’, ‘अप्रतिम’ पुष्कळ. पण मधूनच एखादी ओळ अशी सापडते की चित्रकार ती वही जपून ठेवतो.

या पाहण्याला कमी लेखणं चूक आहे. स्थानिक प्रदर्शन म्हणजे मुंबईच्या वाटेवरची पायरी, अशी समजूत चित्रकारांमध्येही आहे. ती समजूत समजण्यासारखी आहे, कारण विक्री तिकडे, समीक्षक तिकडे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून उभी आहे आणि तिथल्या भिंतीसाठी वर्षानुवर्षं थांबायची चित्रकारांची तयारी असते. सोलापूरचा चित्रकार रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघतो, साडेचारशे किलोमीटर कापून सकाळी मुंबईत उतरतो. चित्रं टेम्पोनं किंवा ट्रॅव्हल्सच्या टपावरून जातात, कोपरे पुठ्ठ्यात गुंडाळलेले. आठवडाभर राहायचा-जेवायचा खर्च वेगळा. हे सगळं करून तो जे चित्र तिथे लावतो ते पुष्कळदा सोलापुरातल्याच घराचं, अंगणाचं, बाईचं असतं.

शशिकांत धोत्रे यांचं उदाहरण यासाठी फार महत्त्वाचं. जिल्ह्यातल्या शिरापूरचे, दगडकाम करणाऱ्या कुटुंबातून आलेले. काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काम करण्याची त्यांची पद्धत. पांढऱ्या कागदावर सावली घालावी लागते. काळ्यावर सगळा अंधार आधीच असतो आणि चित्रकाराला फक्त उजेड काढायचा असतो. पेन्सिलचे थरावर थर देत तो साडीच्या काठावर, हाताच्या कोपरावर, जमिनीवर पसरलेल्या भांड्यांवर आणावा लागतो, आणि एकेका चित्राला फार वेळ लागतो. त्यांच्या चित्रांतल्या बाया लुगड्या-साड्यांत, घराच्या जमिनीवर बसलेल्या, आपल्यात हरवलेल्या. जहांगीरच्या प्रेक्षकाला त्यातलं कौशल्य दिसतं. त्या साडीचा पोत, त्या भिंतीचा सारवलेला रंग ओळखणारी बाई मात्र मोहोळ-माढ्याकडे आहे. तिचा अभिप्राय चित्रकाराला मिळाला पाहिजे, आणि चित्र तिला मिळालं पाहिजे.

शिल्पकार भगवान रामपुरे सोलापूरचे. मुंबई शेअर बाजारासमोरचा कांस्याचा उसळता बैल त्यांचा. दलाल स्ट्रीटवरून जाणारे-येणारे रोज त्याला पाहतात, फोटो काढतात. शिल्पाला रस्त्यावर जागा मिळते तशी चित्राला मिळत नाही. त्याला ऊन-पावसापासून वाचवणारं छप्पर लागतं.

ते छप्पर फार मोठं लागत नाही. २०११च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. एवढ्या शहरात चित्रांसाठी राखलेली, लग्न-मेळाव्याला भाड्यानं न जाणारी शंभर-सव्वाशे फूट भिंत, तिच्यावर नीट बसवलेले दिवे आणि फ्रेम टांगायचे गज हवेत. पुण्यात १९६८चं बालगंधर्व रंगमंदिर बांधताना नाटकाबरोबर चित्रांच्या दालनाचीही सोय झाली. नाटकाला आलेला प्रेक्षक मध्यंतरात चित्रं पाहून येतो. सोलापुरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनसंस्थेचा वाचक हाच चित्राचाही पहिला प्रेक्षक होऊ शकतो.

वेळेचाही विचार हवा. सकाळी दहा ते संध्याकाळी सात ही प्रदर्शनाची वेळ नोकरदार पाहुण्यांना ठीक. यंत्रमागावरचा माणूस पाळी संपवून येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. रात्री दहापर्यंत दिवे चालू ठेवले, तीन दिवसांऐवजी पंधरवडा दिला आणि जानेवारीत गड्डा यात्रेच्या सुमारास भरवलं, तर सिद्धेश्वराच्या दर्शनाला जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडून आलेली माणसंही आत येतील. चित्राखालची चिठ्ठी मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्ये लिहावी. एक भिंत दरवर्षी नक्षीकारांना द्यावी: आलेखाचा मूळ कागद, टोचलेले पत्ते आणि त्यांतून विणलेली चादर शेजारी शेजारी, आणि खाली नक्षी काढणाऱ्याचं पूर्ण नाव.