ऊन पाण्याची कुंडं आणि फिनलंडचा सौना



परिसर अभ्यास शिकवताना गरम पाण्याच्या झऱ्यांचा विषय निघाला की मुलं एक प्रश्न हमखास विचारतात : "खाली ज्वालामुखी आहे का?" आणि हल्ली मोबाईलवर पाहिलेला फिनलंडचा सौना आठवून दुसरा प्रश्न येतो : "तिथं ८५ अंशात माणसं बसतात, मग भाजत कशी नाहीत?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच पाठात बसतात, म्हणून हा लेख.

सुरुवात भाषेपासून करा. 'ऊन' म्हणजे फक्त सूर्यप्रकाश नव्हे, 'ऊन' म्हणजे गरम. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतोच ना! आता नकाशावर बोट ठेवा : किनवट तालुक्यातलं उनकेश्वर, चोपड्याकडचं उनपदेव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. नावातच पाण्याची बातमी आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसा नदीकाठची कुंडं तर मुंबईकरांच्या सहलीची. आपल्या विदर्भातल्या लोकांना उनकेश्वर त्यातल्या त्यात सोयीचं. पैनगंगेच्या पट्ट्यात, माहूरच्या यात्रेला जोडून बरेच जण जातात. रामानं बाण मारून शरभंग ऋषींसाठी पाणी काढलं, अशी कथा तिथं सांगतात. कथा सांगाच, पण पुढचं कारणही सांगा.

ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षं झाली. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटर खोलीला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. तिथं तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून, वाटेत फारसं न निवता, वर आलं की झाला झरा. काही कुंडांना सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो पाण्यातल्या गंधकयुक्त वायूचा.

आता सौना. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि सौना सुमारे ३० लाख! लाकडी खोली, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर दगड. हवा ८० ते १०० अंश. भाजत नाही, कारण हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पाणी वीसपटीहून अधिक वेगानं उष्णता अंगाला देतं. म्हणून ८५ अंशांच्या हवेत थोडा वेळ बसता येतं, ८५ अंशांच्या पाण्यात बोटही घालता येत नाही. बाक लाकडाचे असतात तेही याचसाठी. लोखंडी बाकावर कोण बसेल?

दुसरं कारण नागपूरच्या मुलांना लगेच कळतं. आमच्या नंदनवनात मे महिन्यात कूलर मस्त चालतो, जुलैत तोच कूलर नुसता चिकचिक करतो. कोरड्या हवेत पाणी पटकन उडतं आणि गारवा देतं. सौनात घामाचं तसंच होतं. मग कोणी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकतं, वाफ उठते, हवा दमट होते आणि तापमान तेवढंच असून एकदम चटका जाणवतो. त्या वाफेला फिनिश भाषेत 'ल्योयल्यू' म्हणतात. तो चटका हीच त्यांची मजा! मग बाहेर येऊन थंड तळ्यात उडी.

तांपेरे शहरातला रायापोर्त्ती हा सार्वजनिक सौना १९०६ पासून सुरू आहे. २०२० मध्ये युनेस्कोनं फिनलंडची सौना-संस्कृती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. पण मला त्यांचा एक साधा नियम जास्त आवडतो : आधी अंग स्वच्छ धुवायचं, मगच आत जायचं. बसताना खाली छोटा टॉवेल. आपल्याकडे कुंडातच साबण लावणारे, कपडे धुणारे दिसतात. हा नियम उचलायला फिनलंडचं तिकीट लागत नाही.

आता पालकांशी थोडं स्पष्ट बोलते. त्वचारोग बरा होतो म्हणून मुलांना कुंडावर नेलं जातं. गंधकाचं मलम खरजेवर जुन्या काळापासून वापरतात, म्हणून ही समजूत अगदी हवेतली नाही. पण एक बुडी म्हणजे मलम नव्हे, आणि खरूज तर सोबत अंघोळ करणाऱ्यांना, एकच टॉवेल वापरणाऱ्यांना लागू शकते. कोड मात्र कोणालाच लागत नाही. तशा मुलाला वर्गात वेगळं बसवू नका, कुंडावरही ताटकळत ठेवू नका. आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथं स्पर्श कळत नसेल, तर कुंड नको, आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आजार पूर्ण बरा होतो. शिवाय बधिर जागेला गरम पाणी किती गरम आहे ते कळतच नाही. भाजलं तरी पोरगं हूं की चूं करत नाही.

सहलीला जाणार असाल तर एवढं करा : प्रत्येक कुंडाचं पाणी वेगळं गरम असतं, आधी मोठ्यांनी पाय घालून पाहावं. लहान मुलांना चार-पाच मिनिटांत बाहेर काढा, चक्कर आल्यासारखं वाटलं तर सावलीत बसवून पाणी पाजा. गरोदर बाई आणि हृदयविकाराचा माणूस यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. आणि सोबत तापमापी न्या, पण घरातली तापाची नको; ती ४२ अंशांच्या आसपास संपते. शाळेच्या प्रयोगपेटीतली घ्या, आकडे मुलांनाच वहीत लिहू द्या.