घरातील स्वच्छता आणि कीटकनाशके : नैसर्गिक पर्याय किती सुरक्षित, किती उपयोगी?

फिनाईल, संडास साफ करण्याचे ॲसिड, डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे, डांबर गोळ्या. साधारण प्रत्येक घरात यांपैकी तीन-चार वस्तू असतातच. घरात लहान मूल आले किंवा कोणाला दमा निघाला की या वस्तूंची भीती वाटू लागते. मग "डॉक्टर, यांच्याऐवजी नैसर्गिक काय वापरता येईल?" असा प्रश्न येतो.

प्रश्न अगदी योग्य आहे. रसायनांचा वापर कमी करणे शक्य आहे आणि बहुतेक घरांत तो करायलाही हवा. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. "नैसर्गिक" हा शब्द वस्तू कुठून आली एवढेच सांगतो. ती शरीरात गेल्यावर काय करते, हे त्यातून कळत नाही. कापूर, निलगिरीचे तेल, कडुलिंबाचे तेल हे सगळे नैसर्गिक आहेत आणि लहान मुलाच्या पोटात गेल्यास तिन्ही धोकादायक आहेत. म्हणून कोणताही पर्याय निवडताना तीन प्रश्न विचारा : यातून काम होते का? याची वाफ किंवा धूर श्वासात गेला तर काय होईल? आणि मुलाने हे गिळले तर काय होईल?

रोजच्या स्वच्छतेसाठी काय पुरेसे आहे?

फरशी, ओटा, भांडी, बेसिन यांच्या रोजच्या सफाईसाठी साबण आणि पाणी पुरेसे आहे. साबण तेलकट थर सोडवतो आणि त्याबरोबर जंतूही वाहून जातात. करोनासारख्या काही विषाणूंचे बाहेरचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते, तेही साबणाने फुटते. फरशीला वास आला म्हणजे ती जंतुविरहित झाली असे नाही. सुगंधी फिनाईलचा वास हा निव्वळ वास असतो आणि दम्याच्या रुग्णाला तोच त्रास देऊ शकतो.

इतर घरगुती पर्याय असे :

- खाण्याचा सोडा : ओटा, सिंक, फ्रिज घासण्यासाठी चांगला. थोडा ओला करून घासणीने घासा. धुण्याचा सोडा मात्र वेगळा. तो बराच तीव्र असतो, डोळ्यांत किंवा तोंडात गेल्यास इजा करतो. दोन्ही पांढरे दिसतात, म्हणून एकाच प्रकारच्या डब्यांत ठेवू नका.
- व्हिनेगर किंवा लिंबू : नळावर, बादलीवर, गीझरच्या पाण्याने पडणारे क्षारांचे पांढरे डाग यांनी निघतात. पण कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर या दगडांवर वापरू नका. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आम्लाने त्यांची झिलई जाते.
- सोडा आणि व्हिनेगर एकत्र : फेस येतो म्हणून अनेकांना हे मिश्रण जोरदार वाटते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. वापरायचे तर वेगवेगळे वापरा.
- रिठा : यात नैसर्गिक फेस करणारा पदार्थ असतो. लोकरी, रेशमी कपडे आणि भांडी यांसाठी चालतो. डोळ्यांत गेल्यास खूप झोंबतो.
- बायो-एन्झाइम : संत्री, मोसंबी, लिंबू यांच्या ३ भाग साली, १ भाग गूळ आणि १० भाग पाणी साधारण ३ महिने आंबवून करतात. पातळ करून फरशी पुसायला ठीक आहे. सुरुवातीला बाटलीत वायू साचतो, म्हणून काचेची बाटली घेऊ नका आणि झाकण रोज सैल करा. याला जंतुनाशक समजू नका.

जंतुनाशक खरोखर कधी लागते?

घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असतील, तर व्हिनेगर, लिंबू किंवा कापूर यांवर विसंबू नका. पोटाच्या संसर्गाचे काही विषाणू साध्या उपायांना दाद देत नाहीत. अशा वेळी आधी हातमोजे घालून घाण कागदाने टिपून काढा, जागा साबणाने धुवा आणि मग लेबलवरील प्रमाणात पातळ केलेले ब्लीच लावून १० मिनिटे ठेवा. नंतर पाण्याने पुसून घ्या. खिडकी उघडी असू द्या. हातांसाठीही सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी चांगले.

म्हणजे ब्लीच घरातून हद्दपार करायची गरज नाही. ते रोज वापरायची गरज नाही, एवढेच.

हे कधीही एकत्र करू नका

ब्लीच किंवा टीसीएल पावडर आणि संडासाचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. "डाग निघत नाही म्हणून दोन्ही टाकले" असे करणाऱ्या माणसाला बंद बाथरूममध्ये काही मिनिटांत जोराचा खोकला, डोळ्यांची आग आणि छातीत घट्टपणा जाणवतो. हाच प्रकार ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबू यांनीही होतो. "व्हिनेगर तर खाण्याचे असते" हा विचार इथे उपयोगाचा नाही. अमोनिया असलेल्या काच-पुसणीतही ब्लीच मिसळू नये.

असे झाल्यास लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. धाप लागत असेल किंवा खोकला थांबत नसेल तर दवाखान्यात जा. त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून अंगावर काढू नका.

डासांसाठी काय करावे?

बंद खोलीत कॉइल लावणे फुप्फुसांसाठी चांगले नाही. एक कॉइल जळताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असे मोजमापांत आढळले आहे. मात्र कॉइलऐवजी कडुलिंबाचा पाला किंवा गोवऱ्या जाळल्या तरी धूर तो धूरच. दमा किंवा जुना खोकला असलेल्यांनी हे दोन्ही टाळावे.

कापूर जाळणे, लिंबात लवंगा खोचणे, गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकणे यांचा परिणाम थोडा आणि थोडाच वेळ राहतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त संध्याकाळी धूप केल्याने त्याच्यापासून बचाव होत नाही.

खरा बिनविषारी उपाय पाण्यात आहे. या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण ७ ते १० दिवसांत होते. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. पिंप, बादल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात, म्हणून आतून घासून काढा. रिकामी करता न येणारी टाकी झाका किंवा त्यात गप्पी मासे सोडा. खिडक्यांना जाळ्या आणि झोपताना, बाळाच्या दुपारच्या झोपेतही, मच्छरदाणी लावा.

डेंग्यूची साथ असेल तर अंगाला लावायचे प्रमाणित मलम वापरण्यात कमीपणा मानू नका. दोन महिन्यांखालील बाळाला मात्र ते लावू नका, मच्छरदाणीच वापरा. "वनस्पतीजन्य" लेमन युकॅलिप्टसचे मलमही तीन वर्षांखालील मुलांना चालत नाही.

झुरळे, मुंग्या आणि उंदीर

यांना घरात अन्न, पाणी आणि आसरा मिळतो. हे तिन्ही बंद केले की औषधाची गरज बरीच कमी होते. रात्री खरकटी भांडी ठेवू नका, ओला कचरा झाकून ठेवा, सिंकखालची गळती दुरुस्त करा, मोरीला जाळी बसवा, भिंतीतील फटी सिमेंटने बुजवा. मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसली की वासाचा माग जातो. ढेकणांसाठी कडक गरम पाणी, वाफ आणि ऊन उपयोगी पडते.

झुरळे खूप झाली असतील तर सगळीकडे स्प्रे मारण्यापेक्षा बिजागऱ्यांच्या आत, फटींत लावायचे जेल बरे. ते हवेत पसरत नाही. झुरळांची विष्ठा दम्याला कारण ठरू शकते, म्हणून त्यांना तसेच राहू देणेही योग्य नाही.

अनेक घरांत बोरिक पावडर, पीठ आणि साखर यांच्या गोळ्या करतात. उपाय उपयोगी आहे, पण निरुपद्रवी नाही. गोळी गोड असते आणि रांगणाऱ्या बाळाला खाऊच वाटते. किडे मारण्याचा खडूही पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो. घरात लहान मूल असेल तर दोन्ही नको.

उंदरांसाठी पिंजरा हाच सर्वांत सुरक्षित उपाय. उंदराच्या औषधांबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. माणूस बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागते. मूल किंवा मोठा माणूस कितीही ठणठणीत दिसला तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

कपडे आणि धान्य

डांबर गोळ्या, म्हणजे नॅफ्थलीन, पेटीत ठेवायची जुनी सवय आहे. काही मुलांत जन्मतःच जी-६-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. अशा बाळाला डांबर गोळ्यांत ठेवलेली दुपटी किंवा झबली घातली, तर रक्तातील लाल पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कमतरता आहे की नाही हे बहुतेकांना आधी माहीत नसते. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबर गोळ्या ठेवूच नका. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून घट्ट पिशवीत ठेवले तर कसर लागत नाही. बाळ पिवळे किंवा फिकट दिसले, लघवी चहासारखी झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

धान्यासाठी ऊन देणे, एरंडेल तेलाचा हात फिरवणे, वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाची कोठी हे उपाय चांगले. पारद टिकडी ठेवू नका, त्यात पारा असतो. आणि गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही आणू नका. ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद घरात झोपलेल्या माणसांचा जीव जाऊ शकतो.

कापूर आणि तेले जपून वापरा

कापराच्या वड्या देवघरात, मुलाच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. कापूर गिळल्यास काही मिनिटांत मुलाला झटके येऊ शकतात. निलगिरीचे तेल थोडेसे पोटात गेले तरी मूल गुंगते किंवा झटके येतात. कडुलिंबाच्या तेलाने उलट्या, सुस्ती आणि मेंदूवर सूज येऊ शकते. ही तेले बाळाला जंतांसाठी किंवा सर्दीसाठी चाटवू नका.

विषारी वस्तू पोटात गेल्यास

- उलटी करवू नका. मिठाचे पाणी, तूप, लिंबू, दूध पाजू नका. फिनाईल किंवा रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते.
- शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावा. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.
- डोळ्यांत गेले असेल तर १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून भरपूर पाणी ओता.
- १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.
- बाटली, पुडी किंवा डबी बरोबर आणा. आम्हाला उपचार ठरवायला ती सर्वांत जास्त उपयोगी पडते.

सुरुवात कुठून करावी?

महागडे "हर्बल" क्लीनर आणण्याआधी आज तीन कामे करा. सुटे फिनाईल किंवा ॲसिड पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत भरलेले असेल तर ते आजच काढून टाका. यापुढे मूळ लेबल असलेलीच बाटली घ्या. सिंकखालच्या सगळ्या बाटल्या वरच्या, कडी असलेल्या कपाटात ठेवा, घरगुती तेले आणि कापूर धरून. आणि ज्या वस्तू वर्षभर वापरल्या नाहीत त्या पुन्हा विकत घेऊ नका. घर त्यानेच सर्वांत जास्त सुरक्षित होते.