जुनी हत्यारं घ्यायला मुंबईला जाताय? मग हे बघून घ्या

जयगडच्या खाडीपट्ट्यात होडीचं इंजिन, नळाचं काम, सुतारकाम, काहीही असो, पाने-पकडीशिवाय चालत नाही. आयटीआय करून बाहेर पडलेल्या पोराने सगळा संच नवा घ्यायचा म्हटलं, तर पहिल्या कमाईचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून मुंबईत डोंगरी-भेंडी बाजारला नातेवाईकांकडे गेलं, की पाय चोर बाजाराकडे वळतातच.

मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो. पुण्यात राहणाऱ्यांना मंगळवार पेठेतला जुना बाजार जवळ पडतो, तो बुधवारी आणि रविवारी भरतो.

बिनविजेची हत्यारं जुनी घेण्यात फारसा धोका नाही. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं असेल तर एक चांगली खूण. पण तोंड पसरलेलं नाही ना, हे एखाद्या बोल्टवर लावून बघाच. वाइस घेताना जबडे पूर्ण बंद करून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर जबडे झिजलेत. बिडाच्या अंगावर वेल्डिंगचा डाग दिसला तर ठेवून द्या. वरवरचा तांबूस गंज चालतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि लगेच तेल लावा. खड्डे पडलेला गंज मात्र कशानेच भरून येत नाही.

खरी फसगत होते ती विजेच्या हत्यारांत. आम्हीच एकदा एक ड्रिल मशीन फक्त दोन सेकंद फिरवून घेतलं, आणि घरी पाच मिनिटांत त्यातून धूर निघाला! तेव्हापासून आम्ही निदान दोन-तीन मिनिटं चालवूनच घेतो. खरखर आवाज म्हणजे बेअरिंग गेलंय. ब्रशजवळ मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कार्बन ब्रश तरी संपलेत, नाहीतर त्याहून मोठा बिघाड आहे. पट्टीवरचे व्होल्ट वाचा. आपल्याकडे 230 लागतात. जहाजावरून किंवा परदेशातून आलेली काही हत्यारं 110 ची असतात, ती थेट लावली की जळालीच. ग्राइंडरला गार्ड नसेल तर फुकट मिळाला तरी नको, आणि जुनी डिस्क कधीच वापरू नका. कटिंग डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते.

आता नावाचा मुद्दा. हे नाव मुळात 'शोर बाजार' होतं असं सांगतात, पण म्हणून डोळे मिटायचे नाहीत. नवीकोरी मशीन कवडीमोलाने मिळतेय, नंबर खरवडलेला आहे, विकणारा घाई करतोय, तर हात काढून घ्या. माल चोरीचा असल्याचं कळण्यासारखं असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि हलाल कमाईचं हत्यारच तसं असेल तर घरात त्याचं समाधान कसलं? ओळखीच्या दुकानातून घ्या, साधी का होईना पावती मागा.

घरी आणल्यावर खाऱ्या हवेची आठवण ठेवा. हत्यारं उघडी ठेवली तर एका पावसाळ्यात परत तांबडी होतात; तेलकट फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायची.