आधी आरोळी, मग चेंडू

२ नोव्हेंबर २०२५ची रात्र. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला होता. मध्यरात्र व्हायला आली तरी आजूबाजूच्या इमारतींतले दिवे मालवले नव्हते. दीप्ती शर्माच्या चेंडूवर नदीन डी क्लर्कचा उंच उडालेला झेल हरमनप्रीत कौरने टिपला, दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६वर आटोपला आणि भारताने ५२ धावांनी विश्वचषक जिंकला. मैदानाजवळच्या घरांत ही बातमी टीव्हीने दिलीच नाही. ती खिडकीतून आली. मैदानातली आरोळी थेट दिवाणखान्यात शिरली तेव्हा ज्यांच्याकडे सामना ॲपवर लागला होता, त्यांच्या पडद्यावर तो चेंडू अजून पडायचा होता. मोबाइलवर किंवा स्मार्ट टीव्हीवर येणारं चित्र बरेच सेकंद मागे असतं. त्यामुळे विजयाचा आनंद आधी कानांना झाला, डोळ्यांना नंतर.

याच मैदानावर १ जून २००८ रोजी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला होता. राजस्थान रॉयल्सने चेन्नई सुपर किंग्जला शेवटच्या चेंडूवर हरवलं. स्टेडियमही त्याच वर्षी सुरू झालेलं, कोरं करकरीत. सामना सेट मॅक्सवर होता आणि नवी मुंबईतल्या बहुतेक घरांत तो केबलच्या काळ्या वायरीतून येत होता. या दोन अंतिम सामन्यांच्या मधल्या १७ वर्षांत शहराने केबल बंद केली, असं सरसकट म्हटलं जातं. पण नक्की काय बंद झालं, हे बघायला थोडं मागे जावं लागतं, अगदी गच्चीपर्यंत.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, वरळीतून. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना त्याआधी दोन वर्षांची, १९७०ची, आणि ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३चा. म्हणजे नवी मुंबई आणि मुंबईचा टीव्ही जवळजवळ जुळी भावंडं. दादर-गिरगावच्या दोन खोल्या सोडून सिडकोच्या घरात राहायला आलेल्या माणसाने सामानात टीव्ही आणला, तर त्याला पहिला प्रश्न पडे तो वरळी कुठे आहे हा. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच असला तरी मध्ये खाडी आणि ट्रॉम्बेचा डोंगर. त्यामुळे इथल्या गच्च्यांवरच्या अँटेना झाडून सगळ्या पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असत. ॲल्युमिनियमच्या त्या आडव्या नळ्यांची रचना यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६मध्ये शोधून काढली, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की त्यावर कावळा बसला की बातम्या देणाऱ्या प्रदीप भिडेंच्या चेहऱ्यावरून मुंग्या चालू लागतात.

अँटेना फिरवणं हे तीन माणसांचं काम. एक गच्चीवर, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर.

'आलं का?'

'आलं! थांब, गेलं. मागे घे. जरासं मागे!'

'आता?'

'चित्र आलं, आवाज गेला.'

हे एवढं करून मिळे काय, तर मुख्यतः एक वाहिनी आणि तिच्यातही मराठीच्या वाट्याला आलेले संध्याकाळचे काही तास. 'आमची माती, आमची माणसं', 'गजरा', आठवड्याला काय काय लागणार ते सांगणारी 'साप्ताहिकी'. १९८७च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि रविवारची सकाळ देवळासारखी झाली. टीव्ही बाळगायला पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत, ही गोष्ट तर आज घरातल्या तरुण पोरांना सांगितली तर ती थट्टा समजतात.

केबल आली ती आधी व्हिडिओच्या रूपाने. एका घरी व्हीसीआर, तिथून आजूबाजूच्या इमारतींत वायर आणि रात्री नवा सिनेमा. १९९१च्या आखाती युद्धाने उपग्रहावरून थेट बातम्या बघायची चटक लावली. त्याच वर्षी एशियासॅटवरून स्टारच्या वाहिन्या दिसू लागल्या, आणि २ ऑक्टोबर १९९२ला, म्हणजे मुंबई दूरदर्शनच्या बरोबर विसाव्या वाढदिवशी, झी टीव्ही सुरू झाली. नवी मुंबईसाठीही १९९२ हे साल मोठं. जानेवारीत महापालिका आली, मे महिन्यात लोकल वाशीला पोचली. माणसं यायला लागली आणि त्यांच्या मागोमाग वायरीही.

त्या वायरींचा कारभार जवळून बघण्यासारखा होता. एखाद्या इमारतीच्या गच्चीवर भल्यामोठ्या छत्र्या, खाली खोलीत उपकरणांची मांडणी, तिथून झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, एका सोसायटीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर झोके घेत गेलेली वायर. वायर जितकी लांब जाई तितका सिग्नल अशक्त होई, म्हणून मध्ये मध्ये ॲम्प्लिफायर बसवावे लागत आणि त्यांना वीज मिळे ती ज्या इमारतीत डबा लावला असेल तिथून. त्यामुळे वीज जायची समोरच्या सोसायटीची आणि 'आभाळमाया' बंद पडायची आपल्याकडची. मग गॅलरीतून हाक: 'तुमच्याकडे लागतंय का हो?' संपूर्ण गल्लीची केबल गेली असेल तर जिवाला जरा बरं वाटायचं. फक्त आपलीच गेली असेल तर फोन.

फोन जायचा केबलवाल्याला. त्याचं खरं नाव सोसायटीत फार थोड्यांना ठाऊक असे, पण सोसायटीतली सगळी घरं त्याला ठाऊक असत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचा पोऱ्या पिवळी पावतीबुकं घेऊन दारात उभा राही. 'काकू, केबल.' दोनच शब्द. त्यावर काकूंचे अनेक: मागच्या महिन्यात चार दिवस बंद होती, मॅचच्या वेळी मुंग्या होत्या, पुढच्या आठवड्यात ये. पोऱ्या ऐकून घेई, पुढच्या आठवड्यात येई. गणपतीत मंडळाची आरती केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीवर दिसे, दुपारी तिच्यावरच सिनेमा लागे आणि खालच्या पट्टीत कुणा चिंटूला वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकत जात. १९९५मध्ये केबलचा कायदा झाला, तरी कुणाकडे किती जोडण्या आहेत याचा हिशेब बराच काळ केबलवाल्याच्या वहीतच राहिला. वरच्या कंपनीला आकडा सांगताना ती वही बरीच सडपातळ होत असे, ही देशभरातली उघड गोष्ट होती.

मराठी प्रेक्षकाला मात्र या गबाळ्या वायरीने जे दिलं, ते अँटेनाला कधी जमलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी, पुढच्याच वर्षी ई-टीव्ही मराठी. दूरदर्शनचीही मराठी वाहिनी २०००मध्ये 'सह्याद्री' झाली. संध्याकाळच्या काही तासांची मराठी दिवसभराची झाली. २००४पासून आदेश बांदेकर 'होम मिनिस्टर' होऊन लोकांच्या घरात पैठणी घेऊन शिरले. तोपर्यंत गच्चीवरच्या अँटेना गंजल्या तरी होत्या किंवा ॲल्युमिनियमच्या भावाने भंगारवाल्याकडे गेल्या होत्या.

या साम्राज्याला पहिला धक्का छत्रीने दिला. डिश टीव्ही २००३ची, टाटा स्काय २००६ची आणि २००८मध्ये बिग टीव्ही. या शेवटच्या कंपनीचं घर कोपरखैरण्यातल्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीत होतं. मग सरकारने सगळ्यांनाच खोका घ्यायला लावला. डिजिटायझेशनच्या पहिल्या टप्प्यात मुंबई होती. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत ठाणे, कल्याण-डोंबिवलीबरोबर नवी मुंबई आली, मुदत ३१ मार्च २०१३. चित्र स्वच्छ झालं, हे खरंच. मुंग्या कायमच्या गेल्या. त्यांच्या जागी चौकोनी ठोकळे आले: पाऊस पडला की नायिकेचं अर्धं तोंड हलायचं थांबे.

पण केबलला खरं महागात पडलं ते १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झालेलं दूरसंचार नियामक ट्रायचं नवं दरपत्रक. उद्देश सज्जन होता: ज्याला जे बघायचं त्याने तेवढ्याचेच पैसे द्यावेत. १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. गुच्छात बसवायच्या वाहिनीला १९ रुपयांची मर्यादा होती, म्हणून बड्या मनोरंजन वाहिन्यांनी नेमके १९च लावले. झी मराठीही १९. घरोघर कागद-पेन्सिल घेऊन बेरजा सुरू झाल्या. आजोबांचं क्रिकेट, आईच्या मालिका, नातवाचं कार्टून. बेरीज करता करता अनेकांना प्रथमच कळलं की आपण कशाकशाचे पैसे देत होतो. एकदा माणूस बेरीज करायला बसला की त्याला वजाबाकीही सुचते.

आणि वजाबाकी करायची साधनं तोवर हाताशी होती. हॉटस्टार २०१५मध्ये आलं होतं, नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ २०१६मध्ये, झी५ २०१८मध्ये. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघताना डेटाचा विचार करायची सवयच मोडली. त्या जिओचा कारभार चालतो तो घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून. ठाणे-बेलापूर रस्त्यावर. ज्या केबलवाल्याच्या पोटावर त्या स्वस्त डेटाने पाय दिला, त्याची वायर कदाचित त्याच रस्त्याच्या खांबांवरून जात असेल.

२०१८मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या केबलमधल्या दोन बड्या कंपन्यांत नियंत्रण मिळवणारा हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. वर्षभरात जिओफायबर आलं. इथे गोष्ट गुंतागुंतीची होते, कारण अनेक सोसायट्यांत फायबर घेऊन दारात आला तो ओळखीचाच चेहरा होता. डक्ट तीच, गच्ची तीच, शिडी तीच. 'काकू, केबल'च्या जागी 'काकू, वायफाय'. ज्यांना हे जमलं ते टिकले. ज्यांना नाही त्यांचा हिशेब केबल कंपन्यांच्या महासंघाने ईवायबरोबर केलेल्या २०२५च्या अहवालात सापडतो: देशातली सशुल्क टीव्हीची घरं २०१८मध्ये १५.१ कोटी होती, २०२४मध्ये ११.१ कोटी उरली.

मग अँटेनाचं काय? अमेरिकेत केबल सोडणारा माणूस खिडकीत अँटेना लावतो आणि स्थानिक वाहिन्या फुकट बघतो. आपल्याकडे तसं व्हायला हवेत वाहिन्याच नाहीत. जमिनीवरून प्रक्षेपण करण्याचा हक्क दूरदर्शनपाशीच राहिला. २०१६मध्ये मुंबईसह १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, डोंगल लावून मोबाइलवर दूरदर्शन बघता येईल असं सांगितलं गेलं, पण त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२च्या मार्चपर्यंत, मोजके वगळता, देशभर बंद झाले. आपल्याकडची खरी 'फुकटची अँटेना' म्हणजे डीडी फ्री डिश. २००४मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. एकदा छत्री आणि खोका घ्यायचा, महिन्याचं काही नाही. जुनी अँटेना पश्चिमेला वरळीकडे बघायची, ही छत्री आग्नेयेच्या आकाशातल्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे बघते. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, सन मराठी अशा वाहिन्या वेगवेगळ्या वर्षी तिच्यावर आल्या. बड्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या २०१९मध्ये काढल्या, २०२०मध्ये परत आणल्या, २०२२मध्ये पुन्हा काढल्या. फुकट बघणारा प्रेक्षक हवासाही वाटतो आणि नकोसाही, अशी ती ओढाताण.

मधल्या टाळेबंदीने एक गंमत केली. मालिकांची चित्रीकरणं बंद पडली आणि २८ मार्च २०२०पासून दूरदर्शनवर पुन्हा 'रामायण' लागलं. १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचा दावा दूरदर्शनने केला. हाताशी सगळी ॲप असताना लोकांनी बघितलं ते ३३ वर्षांपूर्वीचं.

ॲपचा संसार सुटसुटीत होईल ही आशा मात्र फळली नाही. झी मराठीची मालिका एका ॲपवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, एकमेकींच्या जुन्या वैरिणी, १४ फेब्रुवारी २०२५पासून जिओहॉटस्टार या एकाच छपराखाली. आजीला पूर्वी रिमोटवर वाहिनीचा आकडा दाबला की मालिका दिसे. आता आधी ॲप शोधा, मग 'कोण बघतंय?' या प्रश्नाला उत्तर द्या. नातवाच्या फोनवर ओटीपी येतो आणि नातू बेंगळुरूला मीटिंगमध्ये असतो. मुलगी-जावई, नातू आणि व्याही अशा तीन गावांत वाटलेला एक पासवर्ड हाच आता अनेक कुटुंबांतला सर्वांत मजबूत धागा आहे. आणि ब्रॉडबँड कंपनी जेव्हा डझनभर ॲप एका बिलात बांधून देते, तेव्हा २०१९ला कागदावर बेरीज केलेल्या आजोबांना तो गुच्छ लगेच ओळखू येतो.

वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एखादी लोखंडी नळी अजून उभी दिसते, अँटेनासाठी सिमेंटात पक्की रोवलेली. अँटेना केव्हाच गेली. तिच्यानंतर त्याच नळीला केबलवाल्याने वायर बांधली होती, ती काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. आता तिच्या शेजारूनच फायबरची बारीक काळी दोरी गेलेली असते, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेली, आणि तिच्यावर कावळा बसतो. खाली चित्र हलत नाही.