उतारवयातील अर्थव्यवहार : विश्वासाला व्यवस्थेची जोड

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. वार्धक्याच्या संदर्भात निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा आणि निवारा या प्रश्नांची चर्चा नेहमी होते. आयुष्यभर साठवलेला पैसा शेवटच्या टप्प्यात सांभाळायचा कोणी, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराचा खासगी मामला समजला जातो. वस्तुतः तो सार्वजनिक धोरणाचाही प्रश्न आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे. ज्यांची स्मृती शाबूत आहे, त्यांनाही दृष्टिदोष, थरथरता हात किंवा मोबाइलवरील व्यवहारांची अपरिचितता यांमुळे दुसऱ्याची मदत घ्यावी लागते.

ही मदत तीन प्रकारची असते : सल्ला, व्यवहाराचा अधिकार आणि मालकीचे हस्तांतरण. या तिन्हींची सरमिसळ होते, तेथेच बहुतेक फसवणुकींचे मूळ सापडते.

सल्ला : मोबदला कोणाकडून?

मुदत संपलेली ठेव पुन्हा गुंतवण्यासाठी बँकेत गेलेली वृद्ध व्यक्ती दीर्घ मुदतीची विमा पॉलिसी घेऊन परतते, हा प्रकार अपरिचित नाही. येथे सल्ला देणारा लबाडच असतो असे नाही. परंतु त्याचा मोबदला विक्रीवर अवलंबून असतो. म्युच्युअल फंडाचा वितरक किंवा विमा प्रतिनिधी कंपनीकडून दलाली घेतो. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो. सेबीने २०१३ च्या विनियमांद्वारे सल्लागारांसाठी नोंदणी बंधनकारक केली आणि २०२० च्या दुरुस्तीने एकाच ग्राहकाला सल्ला व वितरण अशा दोन्ही सेवा देण्यास प्रतिबंध केला. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. विमा पॉलिसी चुकून घेतली गेल्यास २०२४ च्या नियमांनुसार ती हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

अधिकार : मालकी न देता मदत

मुलाचे किंवा पुतण्याचे नाव खात्यात घातले की सोय झाली, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’ अशा संयुक्त खात्यातून कोणताही एक खातेदार सर्व रक्कम काढू शकतो. त्याऐवजी बँकेला लेखी प्राधिकारपत्र देऊन केवळ व्यवहाराचा अधिकार सोपवता येतो व तो केव्हाही काढून घेता येतो. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा किंवा अन्य खूण बँकेच्या परिचयातील दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेतली जाते. त्यांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत बँक सेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये केली.

मुखत्यारपत्राची मर्यादा मात्र गंभीर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारी व्यक्ती मनाने विकल झाली की प्रतिनिधित्व संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी मुखत्यारपत्र करून ठेवावे, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ अन्वये उपचारांसाठी आपला प्रतिनिधी आगाऊ नेमता येतो. पैशांच्या व्यवहारांसाठी तशी सोय नाही. परिणामी अनेक कुटुंबांना पालक नियुक्तीसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतील रुग्णांच्या बाबतीत अशा नियुक्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. परंतु न्यायालयाचा खर्च आणि विलंब प्रत्येक कुटुंबाला पेलवणारा नाही.

मालकी : बक्षीसपत्राची घाई

‘सांभाळ करू’ या तोंडी आश्वासनावर घर मुलांच्या नावे करून देणारे आईवडील अनेकदा त्याच घरात परके होतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार, मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर केलेले हस्तांतरण ती अट मोडल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट असल्याचे सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताला पोषक असा लावला आणि मालमत्तेचा ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, असे स्पष्ट केले. तात्पर्य, अट लेखी असणे हिताचे. मृत्युपत्र केल्यास हयातीत मालकी स्वतःकडेच राहते. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसून विश्वस्त असते, हे तत्त्वही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये समभागांबाबत मान्य केले आहे.

तक्रारीचे मार्ग

बँकेविरुद्धची तक्रार प्रथम बँकेकडेच करावी लागते. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्यासाठी १४५६७ हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहेत. सायबर गुन्ह्यात पैसा पुढील खात्यांत वळण्यापूर्वी तक्रार नोंदली गेली, तरच तो रोखण्याची शक्यता वाढते. संकोचापोटी गप्प राहणारी वृद्ध व्यक्ती ही संधी गमावते.

उपाययोजनेची दिशा

इंग्लंड व वेल्समध्ये २००५ च्या, तर सिंगापूरमध्ये २००८ च्या कायद्याने आकलनशक्ती गेल्यानंतरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय केली. त्याची शासकीय यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते व गैरवापराची चौकशी होऊ शकते. भारतातही असा कायदा होणे निकडीचे आहे. मात्र नोंदणी, हिशेब सादर करण्याचे बंधन आणि जिल्हा पातळीवरील देखरेख यांवाचून तो कायदा लुबाडणुकीचे नवे साधन ठरेल.

एकत्र कुटुंबात वडिलधाऱ्यांच्या पैशावर अनेकांची नजर असे. ती नजर म्हणजे एक प्रकारची देखरेखच होती. विभक्त कुटुंबात मदतनीस बहुधा एकटा असतो आणि त्याला विचारणारे कोणी नसते. म्हणून मदतनीस नात्यातला असो वा व्यावसायिक, त्याचा मोबदला कोण देतो, त्याचा अधिकार कोठे संपतो आणि त्याचा हिशेब कोण तपासतो, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी असली पाहिजेत. अशी तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक मदतनिसालाही पुढे होणाऱ्या आरोपांपासून तीच वाचवते.