थेंबे थेंबे तळे साचे... पण किती थेंबे?

"घरबसल्या कमवा दरमहा हजारो रुपये!" ही पाटी आपण सगळ्यांनीच वाचली आहे. एसटी स्टँडची भिंत, लोकलचा डबा, विजेचा खांब, कुठेही बघा. खाली एक फोन नंबर असतो आणि काम काय ते कधीच लिहिलेलं नसतं. आता ती पाटी खांबावरून उतरून मोबाईलमध्ये आली आहे, आणि कामाला नावही मिळालंय : यूट्यूब चॅनेल.

हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये आज एक तरी 'क्रिएटर' सापडतोच. कुणी गडकिल्ल्यांचे व्हिडिओ टाकतो, कुणी एम-थ्रीची गणितं सोडवून दाखवतो, तर कुणी मेसच्या पोळीचा रिव्ह्यू करतो. रेकॉर्डिंगला आवाज नको म्हणून पंखा बंद होतो आणि बिचारे रूममेट घाम पुसत गप्प बसतात. त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, "बाबा रे, ह्यातनं खरंच पैसे मिळतात का?" प्रश्न गमतीचा वाटला तरी आता त्यावर खरे पैसे आणि खरा वेळ लागतोय. कुणी घरून आलेल्या पैशातून कॅमेरा घ्यायच्या बेतात आहे, कुणी सबमिशन बाजूला ठेवून एडिटिंग करतोय. म्हणून हा लेखनप्रपंच. आपण इंजिनिअर ना? मग आधी हिशेब मांडू.

थोडासा इतिहास

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून जावेद करीम हा यूट्यूबचा एक संस्थापक काहीतरी बोलतोय, एवढंच. वीस सेकंदही नाहीत. पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरला विकत घेतली. २००७ साली व्हिडिओ बनवणाऱ्यांना जाहिरातीतला वाटा द्यायला सुरुवात झाली, तोच 'पार्टनर प्रोग्राम'. पुढे तो बहुतेक सगळ्यांना खुला झाला, पण २०१७ मध्ये किमान १०,००० व्ह्यूजची अट आली आणि २०१८ पासून ती आणखी कडक झाली.

भारतात दोन गोष्टींनी हवा बदलली. २०१६ साली डेटा स्वस्त झाला, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स' सर्वात आधी भारतातच आणून बघितलं. टिकटॉकवर नाचणारी, हसवणारी सगळी जनता इकडे वळली. थोडक्यात, गर्दी खूप वाढली.

आत जायचा दरवाजा

जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी १००० सबस्क्रायबर, आणि त्याबरोबर मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा 'वॉच टाइम' किंवा मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. २०२३ साली एक छोटा दरवाजाही उघडला : ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३००० तास (किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज). पण त्यातून प्रेक्षकांनी थेट दिलेले पैसे वगैरे मिळतात, जाहिरातीचा वाटा नाही.

४००० तास म्हणजे किती? २,४०,००० मिनिटं. एक माणूस तुमचा व्हिडिओ सरासरी ३ मिनिटं बघतो असं धरलं, तर ८०,००० व्ह्यूज झाले. वर्षभर रोज साधारण २२०. आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाकून हे होत नाही, मित्र दोन दिवस बघतात आणि तिसऱ्या दिवशी तोंड चुकवतात!

शिवाय हे १२ महिने जानेवारी ते डिसेंबर नाहीत. डीएसपीवाल्यांना 'मूव्हिंग विंडो' आठवत असेल, तसंच आहे हे. रोज पुढचा एक दिवस जोडला जातो आणि मागचा एक गळतो. परीक्षेच्या काळात दोन महिने काही टाकलं नाही, तर तासांचा आकडा चक्क खाली येऊ शकतो. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ ह्या ४००० तासांत धरत नाहीत. डिलीट किंवा प्रायव्हेट केलेल्या व्हिडिओचे तासही मोजत नाहीत.

आणि हो, "माझ्या चॅनेलवर जाहिराती दिसायला लागल्या, म्हणजे पैसे सुरू झाले" असं समजू नका. २०२० साली बदललेल्या नियमांनुसार पार्टनर नसलेल्या चॅनेलवरही यूट्यूब जाहिरात दाखवू शकतं. ते पैसे सगळे कंपनीचे.

हजार व्ह्यूजचे किती?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याला एक उत्तर नाही. त्यासाठी दोन शब्द समजून घ्यावे लागतात. जाहिरात हजार वेळा दाखवण्यासाठी जाहिरातदार जे देतो ते 'सीपीएम'. आणि सगळी कापाकापी होऊन हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात जे पडतं ते 'आरपीएम'. (मेकॅनिकलवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) नेहमीच्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के क्रिएटरला आणि ४५ टक्के यूट्यूबला, असा वाटा आहे.

उदाहरणासाठी काही आकडे धरू. समजा सीपीएम १०० रुपये आहे. १००० व्ह्यूजपैकी ६०० वेळाच जाहिरात दिसली, कारण प्रत्येक वेळी ती दिसत नाही. जाहिरातदाराचे झाले ६० रुपये. त्याचे ५५ टक्के, म्हणजे ३३ रुपये तुमचे. मग वर्षभर घाम गाळून मिळवलेल्या त्या ८०,००० व्ह्यूजचे होतात २,६४० रुपये. महिन्याला २२०. कॅन्टीनमधला नाश्ता धरा!

पुढे ऐका. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ९,००० रुपये. त्याला ह्या दराने साधारण २ लाख ७३ हजार व्ह्यूज लागतील. वेग तोच राहिला तर जवळजवळ साडेतीन वर्षं. म्हणजे फर्स्ट इयरला पार्टनर झालेल्या मुलाचे पहिले पैसे फायनल इयरला!

अर्थात हे आकडे धरलेले आहेत आणि ते खूप हलतात. विषय कोणता ह्यावर दर ठरतो. कर्ज, गुंतवणूक, सॉफ्टवेअर ह्या विषयांच्या जाहिराती महाग, विनोदाच्या स्वस्त. दिवाळीच्या सुमारास जाहिरातदार हात सैल सोडतात आणि जानेवारीत मुठी आवळतात. प्रेक्षक कुठे आहे हेही महत्त्वाचं. तोच पुरणपोळीचा व्हिडिओ नाशिकमध्ये बघितला तर कमी आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरात बघितला तर जास्त पैसे, कारण तिथला जाहिरातदार जास्त मोजतो. व्हिडिओ ८ मिनिटांचा किंवा त्याहून मोठा असेल तर मध्येही जाहिरात टाकता येते. म्हणूनच साध्या तीन मिनिटांच्या गोष्टीला आठ मिनिटं ताणलेलं आपल्याला रोज बघावं लागतं!

शॉर्ट्सची गंमत

"माझ्या शॉर्टला दोन लाख व्ह्यूज आले, पैसे कुठायत?" ही तक्रारही ऐकू येते. शॉर्टला स्वतःची जाहिरात नसते. दोन शॉर्ट्सच्या मध्ये लागणाऱ्या जाहिरातींचे पैसे एका मोठ्या भांड्यात जमा होतात आणि मग व्ह्यूजच्या प्रमाणात वाटले जातात. तुम्ही गाणं वापरलं असेल तर तुमच्या व्ह्यूजमागच्या रकमेतला अर्धा भाग आधी संगीतासाठी बाजूला निघतो, दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. उरलेल्यातला पार्टनर्सचा हिस्सा व्ह्यूजप्रमाणे वाटतात आणि त्यातले ४५ टक्के क्रिएटरला मिळतात. त्यामुळे शॉर्ट्सने नाव होतं, पण खिसा लवकर भरत नाही.

पोस्टमन आणि इन्कम टॅक्स

खात्यात १० डॉलर झाले की गूगल तुमच्या पत्त्यावर साध्या टपालाने एक पिन नंबर पाठवतं. इथे हॉस्टेलकरांनी सावध राहावं! पत्र यायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत सेमिस्टर संपतं, रूम बदलते आणि पत्र ऑफिसच्या टेबलावर धूळ खात पडतं. पहिला पिन निघाल्यापासून ४ महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. म्हणून पत्ता घरचाच द्या, आणि नाव बँकेत आहे तसंच लिहा. १८ वर्षं पूर्ण झालेली असावीत हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट अमेरिकन कराची. २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापतात. खात्यातला टॅक्स फॉर्म पॅन नंबरसकट भरला तर भारतीयांना फक्त त्या भागावर १५ टक्के कापले जातात. फॉर्मच भरला नाही तर जगभरातल्या सगळ्या कमाईवर २४ टक्के जाऊ शकतात! दहा मिनिटांचा फॉर्म आहे, आळस महागात पडतो.

आपल्याकडेही हे उत्पन्न करपात्रच आहे. कंपनीने रिव्ह्यूसाठी दिलेला मोबाईल तुम्ही ठेवून घेतला आणि वर्षात अशा वस्तूंची किंमत २०,००० रुपयांच्या वर गेली, तर १ जुलै २०२२ पासून त्यावरही १० टक्के टीडीएस लागतो. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण इथे तसं नाही.

बाकीचे रस्ते

जाहिरात हा एकच रस्ता नाही. प्रेक्षक 'मेंबरशिप' किंवा 'सुपर थँक्स'मधून थेट पैसे देतात, त्यातले ७० टक्के क्रिएटरला मिळतात. व्हिडिओखाली वस्तूची लिंक देऊन विक्रीवर कमिशन घेता येतं. एखादं दुकान किंवा क्लास प्रायोजक होतो. पैसे किंवा वस्तू घेऊन कौतुक केलं तर ते प्रेक्षकांना ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे, ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचनाच काढल्या आहेत.

छोट्या चॅनेलसाठी इथे एक सोय आहे. जाहिरातीला लाखो प्रेक्षक लागतात, पण प्रायोजकाला नेमके लागतात. डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत सर्किट्स शिकवणाऱ्या चॅनेलला दोनच हजार सबस्क्रायबर असले, तरी इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याला तेच हवे असतात. आणि माझ्या मते विद्यार्थ्यासाठी सगळ्यात खात्रीचा रस्ता वेगळाच आहे. चॅनेल चालवताना एडिटिंग, थंबनेल, आवाज स्वच्छ करणं हे जे हाताला लागतं, ते काम इतरांसाठी करून देणं. तिथे १०० डॉलरची वाट बघावी लागत नाही आणि चॅनेल हाच तुमचा नमुना असतो.

खड्डे

पहिला खड्डा 'तू मला कर, मी तुला करतो' ह्या सबस्क्रायबरच्या देवाणघेवाणीचा. हे नियमाविरुद्ध आहे, आणि असे लोक व्हिडिओ बघतच नाहीत. विकत घेतलेल्या सबस्क्रायबरचंही तेच.

दुसरा, दुसऱ्याचं गाणं किंवा सिनेमाचा तुकडा. 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा तो आपोआप ओळखते आणि त्या व्हिडिओचे पैसे मूळ मालकाकडे वळू शकतात. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होऊ शकतं. यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी मोफत आहे, ती वापरा.

तिसरा, "तुमच्या चॅनेलला स्पॉन्सर करायचंय, सोबतची फाइल उघडा" अशी मेल. फाइल उघडली की ब्राउझरमधल्या कुकीज चोरीला जातात आणि पासवर्ड माहीत नसतानाही चॅनेल दुसऱ्याचं होतं. गूगलनेच २०२१ साली ह्या प्रकाराबद्दल लिहिलं होतं. कॉम्प्युटरवाल्यांनी तरी ह्यात पडू नये!

चौथा खड्डा सगळ्यात खोल आहे, सट्टेबाजीच्या ॲपचा. छोट्या क्रिएटरला पहिली घसघशीत ऑफर बहुधा इथूनच येते आणि वर्षभर २२० रुपये महिना बघितलेल्या मुलाचे डोळे दिपतात. संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी तुमचं ऐकून पैसे लावणारा कोण असतो? तुमच्यावर विश्वास ठेवणारा तुमचाच प्रेक्षक, कदाचित शेजारच्या रूममधला.

मग करायचं की नाही?

जरूर करा! पण मेसचं बिल त्यावर भागेल ह्या हिशेबाने नको. पहिलं वर्ष कॅमेरा विकत घेऊ नका. मोबाईलचा कॅमेरा पुरतो, पैसे घालायचेच तर साध्या कॉलर माईकवर घाला, कारण चित्र जरा धूसर चालतं पण आवाज खराब असला की माणूस दहाव्या सेकंदाला निघून जातो. आठवड्याचे तास आधी ठरवा आणि सबमिशनच्या आठवड्यासाठी दोन व्हिडिओ आधीच तयार ठेवा. विषय असा निवडा की पैसे नाही मिळाले तरी वर्षभर बोलावंसं वाटेल.

परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता आपण सगळे कुणाच्या ना कुणाच्या व्हिडिओवर पास झालो आहोत. त्यातले कितीतरी चॅनेल छोटेच होते. तेव्हा तुम्ही स्वतः चॅनेल काढा किंवा काढू नका, पण पुढच्या वेळी अशा एखाद्या व्हिडिओने केटी वाचवली तर तो शेवटपर्यंत बघा आणि सबस्क्राइब करा. त्याच्या ४००० तासांत तुमची दहा मिनिटं जमा होतील.